आबांच्या दहाव्याचा पक्षी

मला समुद्रावरचे पक्षी ओळखता येतात. सगळे नाही, पण तक्त्यावरचे सगळे. समुद्र मात्र मी पाहिलेला नाही. आमच्या गावात तो कुणीच पाहिलेला नाही, एक हिलाल कंडक्टर सोडला तर. आणि तोही म्हणतो, "अंधार व्हता ना, नुसता आवाज ऐकाले ऊना."

झालं असं की मी आठवीत असताना आमच्या चोपड्याच्या शाळेने 'आपल्या परिसरातील पक्षी' असा तक्ता मागवला. आला तो भलताच. 'उष्ण प्रदेशांतील किनारे व बेटांवरील पक्षी'. यशोदा मॅडमनी टेबलावर तो उलगडला, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "आता याचं काय करायचं? आपल्या तापीवर यातलं कोण येणारे?" सगळा वर्ग हसला. मी हात वर केला. "मॅडम, मी नेऊ घरी?" त्या वर्गात तोंड उघडायची माझी ती पहिलीच वेळ होती.

घरी मी तो भिंतीवर ठोकला, जिथे जाळी टांगतात त्याच्या शेजारी. आम्ही भोई. माझे आबा, म्हणजे लोटन आबा, माझ्या वडलांचे वडील, जन्मभर तापीत जाळं टाकत आले. त्यांना वाचता येत नव्हतं. पण रोज संध्याकाळी तंबाखू मळत ते तक्त्यासमोर बसायचे आणि माझी परीक्षा घ्यायचे. खालची नावं हाताने झाकायचे आणि म्हणायचे, "सांग, हाऊ कोन?" मी पटकन रंग बघून काहीतरी ठोकून दिलं की ते मान हलवायचे.

"रंगले भुलू नको. पहिले चोच दख, मंग पाय दख. काय खास आनि कोठे बसस, तेवढं समजनं का बठ्ठं समजनं."

पक्षी काय खातो आणि कुठे बसतो तेवढं कळलं की सगळं कळलं, असं आबांचं म्हणणं. पुढे पुस्तकात वाचलं तर वर्गीकरण करणारे मोठे लोकही चोच आणि पायच बघतात. कूळ तिथून ठरतं. बोटांत पडदा किती बोटांना, मागचं बोट केवढं, चोच आकड्यासारखी की सुईसारखी. मला तर त्याचं वेडच लागलं. आमच्या समाजात माणसाचं कूळ बघायचं तर आडनाव विचारतात, मामाकूळ विचारतात, मग चहा ठेवतात. पक्ष्यांचं त्यापेक्षा सरळ असतं.

आबांनी तक्त्यावरच्या पक्ष्यांना गावातली नावं देऊन टाकली होती. फ्रिगेट नावाचा एक मोठा काळा पक्षी आहे, तो स्वतः मासा पकडण्यापेक्षा दुसऱ्याच्या तोंडचा हिसकावून खातो. आबा म्हणाले, "हाऊ ते आपला गिरधर!" गिरधर म्हणजे माझे काका, आबांचा धाकटा मुलगा, दोंडाईच्याला मासळीचं दुकान चालवतात. मी इतकी हसले की आई चुलीपासून ओरडली. आणि एका कोपऱ्यात नॉडी होता. कावळ्याएवढा, अंगाने काळपट चॉकलेटी, चोच काळी आणि सरळ, सुयासारखी, आणि डोक्यावर फिकट पांढरी टोपी. आबांनी आपली गांधी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "आनि हाऊ मी."

नॉडी सुरयच्या कुळातला. सुरय आमच्या तापीवर असतेच, पांढरी, पाण्यावर सूर मारून मासोळी टिपणारी. म्हणजे ह्या नॉडीचे नातेवाईक आमच्या दारात होते आणि तो स्वतः लक्षद्वीपला. हे मी आबांना सांगितलं तेव्हा त्यांना फार मौज वाटली. "म्हनजे समुद्रमा आपली सोयरीक शे म्हन!"

नववीत मी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात तोच तक्ता लावून उभी राहिले. माइकसमोर बोलले. दुसरा नंबर आला. त्या दिवशी माझी भीड जी गेली ती गेलीच. आई म्हणते, थोडी ठेवायची होती.

आणि त्याच उन्हाळ्यात गिरधरकाकांनी स्थळ आणलं.

मुलगा दोंडाईच्याचा, वाल्मीक नाव, काकांच्या दुकानाशेजारीच त्याचं दुकान. मुलगा वाईट नाही हो. मी पाहिलाय त्याला, लाजतो. पण मी पंधरा वर्षांची! आणि दहावी राहिलेली. काका दादांना (माझ्या वडलांना, भटूंना, आम्ही दादा म्हणतो) सांगत होते, "पोरगी माइकवर बोलाले लागनी भाऊ, आते उशीर नको." दादांना चोपड्याच्या स्टँडवरची टवाळ पोरं माहीत होती, शेवटची एसटी चुकली तर काय होतं तेही माहीत होतं. ते वाईट नव्हते. त्यांना भीती वाटत होती. पण भीती वाटणारा माणूस हट्टी होतो तेव्हा त्याच्याशी भांडताही येत नाही.

एक आबाच मध्ये उभे होते. "दहावी व्हऊ द्या. मंग बोला." आबांपुढे कुणी बोलत नसे. काकांनी दिवाळीनंतर धरलेलं लग्न नुसतंच हवेत तरंगत राहिलं.

मग आबांना ताप आला. रेडिओवर रोज पोखरणच्या बॉम्बच्या बातम्या होत्या तेव्हा. ताप उतरला, परत चढला, आणि जून लागता लागता आबा गेले. मी त्याबद्दल इथे जास्त लिहिणार नाही. लिहायला गेले की पुढे जाता येत नाही. त्यांची राख आणि अस्थी तापीतच सोडल्या. तिसऱ्या दिवशी काका दादांना म्हणाले, "दहावं आटपनं का दोंडाईचाले निरोप धाडतस." दादा हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. शाळा उघडायला आली होती. मी दप्तर धुऊन दोरीवर वाळत घातलं, ते कुणीतरी काढून पेटीवर ठेवलं.

दहाव्याच्या आदल्या दिवशी वारं सुटलं. तसलं वारं मी कधी पाहिलं नव्हतं. रेडिओवर सांगत होते, समुद्राचं मोठं वादळ गुजरातेत शिरलंय. चोपड्याकडच्या केळीच्या बागा आडव्या झाल्या, आमच्या गल्लीत दोन घरांचे पत्रे उडाले. सकाळी वारं पडलं, पण आभाळ मळकट, आणि नदीकाठच्या बाभळींवर कावळे पिसं फुगवून गोळे होऊन बसलेले. हलायला तयार नाहीत.

नदीच्या ओल्या वाळूवर पिंड मांडले. समाजाचे वडीलधारे धनसिंग नाना विधी सांगत होते. दादांनी मुंडण केलं होतं, त्यांचं ते पांढरं डोकं बघवत नव्हतं. आम्ही बायका थोडं वर, दरडीवर बसलो होतो. पानावर भात, जिलबी, चहाचा कप, आबांची तंबाखूची डबी. आणि आजीने, द्रौपदाबाईने, पदराखालून कागदाची पुडी काढली. सुके बोंबील!

नाना म्हणाले, "वहिनी, दहाव्याले कोन मासोई ठेवस?"

"त्यास्ले आवडेत ना," आजी म्हणाली. "नदीना मासा ते रोज खायेत. पन बाजारमाईन बोंबील उना का त्या दिन दोन भाकरी जास्त."

नानांनी पानावरची जिलबी जरा सरकवून जागा केली. बोंबील भाजून, पाण्यात भिजवून पानाच्या कडेला ठेवले. समुद्र न पाहिलेल्या आमच्या आबांना समुद्राचाच मासा लागायचा.

सगळे मागे सरकले. आणि वाट बघायला लागले.

कावळा काही येईना. हात जोडून सगळे उभे, आणि बाभळीवर कावळे जसेच्या तसे. एक नुसता उडून दुसऱ्या फांदीवर बसला तेवढ्याने बायकांनी श्वास रोखला. आमच्यात समजतात की माणसाचं काही मागे राहिलं असेल, जीव कशात अडकला असेल, तर कावळा शिवत नाही. मग घरच्यांनी बोलायचं. शब्द द्यायचा.

"आबा, तुमनी होडी इकत नही!" काका ओरडले. "निवांत जा!"

काही नाही.

शेजारच्या भागाबाई म्हणाल्या, "चहामा साखर कमी व्हयेल. त्यास्ले गोड लागे." कुणीतरी धावत जाऊन अजून साखर आणली, चहात ढवळली. काही नाही. मला हसू आलं आणि लगेच रडू आलं, कारण खरंच आबा असते तर त्यांनी हेच म्हटलं असतं, साखर कमी आहे.

"आबा, मी अक्काले सांभाळसू," दादा म्हणाले. आजीला घरात सगळे अक्का म्हणतात.

कावळे बसलेलेच.

मग धनसिंग नाना हळूच म्हणाले, "भटू, नातीबद्दल बोल. तिनामाच जीव व्हता त्यास्ना."

काका लगेच म्हणाले, "नाना, त्या गोष्टना निकाल लागेल शे." नानांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. दादा खाली वाळूकडे बघत होते. आजी रडत रडत म्हणाली, "बोल ना रे. किती येळ उभा ठेवशी त्यास्ले?"

दादांनी हात जोडले. त्यांचा आवाज इतका बारीक निघाला की मला वाटलं मीच ऐकतेय.

"आबा... योगीले मी दहावी शिकाडसू. तवलोंग लगीन नही."

आणि तो आला.

नदीवरून, पाण्याला लागून, खाली खाली. काळा. पंख लांब, थकलेले, एक पंख थोडा अडखळत. पानावर तो क्षणभर तरंगला, पाय वाळूला टेकले, बोंबील उचलला, भातावरून पंख घासला आणि दोन उड्या मारून परत हवेत. दरडीवर कल्लोळ झाला. "शिवना! शिवना!" आजीने दोन्ही हात आभाळाकडे केले. दादा खाली बसले.

आणि मी ओरडले. तो वळला तेव्हा त्याच्या डोक्यावरची पांढरी टोपी मला दिसली होती. सुयासारखी चोच दिसली होती. दोन वर्षं भिंतीवर बघितलेला पक्षी माझ्यासमोर, आमच्या तापीवर, खरा, ओला! मला दुसरं काहीच आठवलं नाही. दहावं नाही, लग्न नाही, काही नाही.

"नही! कावया नही तो! नॉडी शे! नॉडी!"

मी टाळीसुद्धा वाजवली.

बायका माझ्याकडे बघत होत्या. आईने माझा दंड धरला, इतका घट्ट की नंतर तिथे निळं झालं. आणि मला कळलं मी काय केलं ते. दादांचा शब्द अजून वाळूवर उमटलाही नव्हता आणि मी तो माझ्याच हाताने पुसायला घेतला होता.

"काय बोलनी तू?" काका दरड चढून आले. "परत बोल."

मी आईच्या मागे सरकले.

"ऐका नाना! पोरगी सोता सांगी ऱ्हायनी, कावया नही म्हनीसन. आनि तिले पक्षी समजतस. बक्षीस भेटेल शे तिले!"

बघा, माझ्या बक्षिसाचं कौतुक काकांनी पहिल्यांदा केलं ते असं.

आजी ओरडली, "कावयाच व्हता! मी दखा मना डोयाघाई!" भागाबाई म्हणाल्या, डोमकावळा होता, ते नदीवर असतात. एक म्हातारे म्हणाले, घार. कुणी म्हणालं, काळा होता ना, झालं मग. धनसिंग नानांनी हात वर केला.

"योगी, आठे ये. दखीसन सांग. कावया व्हता का नही?"

मी खाली उतरले. पानाजवळ गेले. ओल्या वाळूत ठसे स्पष्ट होते. कावळ्याचे ठसे तुम्ही पाहिले असतील, पुढे तीन बोटं, मागे एक लांब, काड्या टाकल्यासारखी. हे तसे नव्हते. पुढच्या तीन बोटांमध्ये वाळू दबलेली होती, पडद्याने. मागचं बोट नुसतं टिंबाएवढं. त्या ठशांजवळ अजून कुणी आलं नव्हतं. मी आणि नाना. नाना म्हातारे, त्यांना वाकून दिसत नव्हतं.

माझा पाय ठशाशेजारी होता. एवढासा सरकवला असता तर मोडला असता ठसा. कुणाला कळलं नसतं. "कावयाच व्हता नाना, मनी चूक झाई," एवढं म्हटलं असतं तर आजी निवांत झाली असती, दादांचा शब्द पक्का झाला असता, मी सोमवारी शाळेत गेले असते. आणि त्यात कुणाचं काय वाईट होत होतं? मी दादांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत होते. त्यांचे डोळे काय म्हणत होते ते मला अजून कळलेलं नाही. कधी वाटतं, खोटं बोल म्हणत होते. कधी वाटतं, बोलू नको म्हणत होते.

मी पाय उचलला. अंगठा ठशाच्या वर आला. आणि माझ्या मनात आबांचा हात आला, नावं झाकणारा. मला नाव माहीत असूनही मी दुसरं सांगायचं, ते त्यांच्याच पानासमोर, हे मला जमेना. मोठी तत्त्वं वगैरे काही नव्हती. जमेना, बस.

मी पाय मागे घेतला.

"नाना, कावयाना मांगला बोट लांब ऱ्हास. याना बोटेस्मा पडदा शे, बदकना गत. हाऊ समुद्रावरना पक्षी शे. वादयमा वाट चुकीसन ऊना."

काका हसले. नुसता नाकातून आवाज. आजीने तोंडावर पदर घेतला.

नानांनी पानाकडे पाहिलं. म्हणाले, "मंग शिवना नही म्हनाले पडी. भटू, परत बोलस का?"

दादा उठले नाहीत. बोलले नाहीत. एकदा शब्द काढताना त्यांचा सगळा जीव गेला होता, परत काढायला उरलाच नव्हता बहुतेक. नानांनी मान हलवली आणि दर्भ मागितला. कावळा आलाच नाही तर दर्भाचा कावळा करतात, पिंडाला शिववतात, आणि विधी पुरा होतो. दर्भाच्या कावळ्याला शब्द द्यावा लागत नाही. तो हाताने शिववायचा असतो.

घरी कुणी माझ्याशी बोललं नाही. आईच फक्त भांडी घासताना म्हणाली, "तुले काय गरज व्हती?"

"आनंद झाया माले एकदम."

"आनंद!" तिने तांब्या आपटला. "बापना डोकावर केस नही, सासूना डोयाले पानी, आनि तुले आनंद." मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "एवढा काय शे त्या पक्षीमा?"

मी तांब्या उचलून विसळायला घेतला.

संध्याकाळी मी नदीवर गेले. आबांची होडी काठावर पालथी घातलेली असते. तिच्यावर तो बसला होता. मी जवळ गेले तरी उडाला नाही. पुस्तकात लिहिलंय, नॉडी माणसाला भीत नाही, ज्या बेटांवर तो राहतो तिथे त्याला माणसाची ओळखच नसते. मी ओढणी टाकली, तो ओढणीत आला. हलका, इतका हलका, आत नुसती हाडं. घरी आणून कोंबडीच्या डालक्याखाली ठेवला आणि बारीक मासोळ्या टाकल्या. दोन खाल्ल्या. तिसरी नुसती चोचीत धरून बसला.

मला वाटलं होतं आजी झोपली असेल. ती येऊन माझ्या मागे उभी राहिली होती.

"हाऊच का तो?"

"हाव."

ती हळूहळू खाली बसली. डालक्याच्या फटीतून बघत राहिली. दारात दादा जाळं दुरुस्त करत होते, सुई थांबली नव्हती पण टाके पडत नव्हते.

"टोपी घालेल शे का याले?"

"तशीच ऱ्हास ती." मग मी सांगितलं, कारण आता काय राहिलं होतं लपवायचं. "आबा म्हनेत, तक्त्यावरना हाऊ पक्षी म्हनजे मी."

आजीने डालक्याला कपाळ टेकवलं. मग म्हणाली, "कथाइन ऊना हाऊ?"

"समुद्रवरतून."

"कोनता समुद्र? आपली तापी जास तो?"

"हाव. तोच."

"त्यास्ना अस्थी बी तथाच गयात."

मी काही म्हणणार होते. भूगोलात आम्हाला उकाई धरण आहे. तापी समुद्राला मिळायच्या आधी ती त्या धरणात अडते, आणि आम्ही सोडलेलं काही इतक्यात तिथे पोचणं शक्य नाही. शिवाय हा पक्षी वादळाने आणला, नदीने नाही. सगळं माझ्या जिभेवर होतं. सकाळपासून माझ्या जिभेने एवढं करून ठेवलं होतं. मी आजीचा चेहरा पाहिला आणि ओठ दातांत धरले. पक्ष्याचं नाव मला विचारलं होतं, ते मी सांगितलं. हे मला कुणी विचारलं नव्हतं.

"मंग पोचनात ते," आजी म्हणाली. मग मान न वळवता, जरा मोठ्याने, दाराकडे, "दर्भना कावया करा तुम्ही. याले कोन बलावाले गयतं? तो भटूना बोल आयकीसनच ऊना."

दादांनी सुई जाळ्यात अडकवली आणि उठून बाहेर गेले.

सकाळी मी नॉडीला नदीवर नेलं. होडीच्या पाठीवर ठेवला. तो बराच वेळ वाऱ्याकडे तोंड करून बसला, मग पंख उघडले, पडेल असं वाटलं, पडला नाही. पाण्याला लागून गेला, मावळतीकडे. वळणावर दिसेनासा झाला. सोबतीला आमच्या दोन सुरय होत्या, काही अंतर. पोचला का? माहीत नाही. समुद्र खूप लांब आहे आणि त्याच्या पोटात दोन-चार मासोळ्या. तक्त्यावर अशा गोष्टी लिहिलेल्या नसतात. मला रात्री त्याच्यापेक्षा तो ठसा जास्त आठवतो, आणि माझा उचललेला पाय.

आजी आणि दादांमध्ये काय बोलणं झालं मला माहीत नाही. झालं की नाही तेही नाही. दोंडाईच्याला निरोप गेला का, विचारायची माझी हिंमत नव्हती, मी माइकवर बोलणारी! काका जाताना माझ्याकडे बघून म्हणाले, "चला, पक्षीवाली बाई. दिवायीले भेटूत." आई म्हणाली, "दखू." आमच्या घरात 'दखू', म्हणजे बघू, याचा अर्थ बहुतेक वेळा नाही.

सोमवारी शाळा उघडली. मी कुणाला न विचारता उठले, अंघोळ केली, गणवेश घातला. पेटीवरून दप्तर घेतलं. आईने काही न म्हणता डब्यात भाकरी बांधली, पण डबा माझ्या हातात न देता ओट्यावर ठेवला, म्हणजे मीच घेतला असं व्हावं.

दारात दादा बसले होते. एका चौकटीला पाठ, पाय दुसऱ्या चौकटीपर्यंत पसरलेले, मांडीवर जाळं, वर पांढऱ्या डोक्यावर नुकते काळे खुंट. ते रोज तिथेच बसतात, पण रोज मी घरातच असते. बाहेर जायचं तर त्यांचे पाय ओलांडून जायचं, आणि बापाचे पाय आम्ही ओलांडत नाही.

मी उभी राहिले. एसटीचा हॉर्न वळणावर वाजला. हिलाल कंडक्टर माझ्यासाठी थांबत नाही, कुणासाठीच थांबत नाही.

"दादा," मी म्हटलं.

त्यांनी वर पाहिलं नाही. एक गाठ बांधली, दाताने दोरा तोडला. मग जाळं मांडीवर ओढून घेतलं आणि पाय आखडले.

मी बाहेर पडले आणि धावत सुटले.